कुंडीतलं लॅव्हेंडर: नवीन रोप आणल्यावर पहिलं वर्ष

नवीन आणलेलं लॅव्हेंडर पहिले दोन-तीन आठवडे दृष्ट लागावी इतकं छान दिसतं. मग बुंध्याजवळची पानं पिवळी पडू लागतात, शेंडे माना टाकतात. पाणी कमी पडतंय असं वाटून पाणी वाढवलं जातं आणि आठ-दहा दिवसांत रोप जातं. वरून ते वाळलेलं दिसतं, त्यामुळे तहानेनं गेलं असाच समज होतो. कुंडी उलटी करून मुळं पाहिली की खरं कारण कळतं. मुळं काळी, लिबलिबीत झालेली असतात आणि मातीला कुबट वास येत असतो. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं रोप वरून वाळत जातं.

या झाडाचं मूळ घर म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीचे कोरडे, खडकाळ उतार. तिथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि पडलेलं पाणी दगडगोट्यांतून लगेच खाली निघून जातं. उन्हाळा कोरडाच. एखादं पान उजेडात धरून पाहा. त्यावर बारीक पांढुरकी लव दिसेल, कडा खालच्या बाजूला किंचित मुडपलेल्या दिसतील. ही सगळी तयारी पाणी जपून वापरायची आहे. कमी पाण्यावर निभावून न्यायची सोय या झाडाच्या अंगातच आहे. सतत ओल धरून ठेवणारी माती आणि दमट, कोंडलेली हवा मात्र त्याला सोसत नाही. म्हणून कुंडी निवडताना, माती कालवताना, जागा ठरवताना आणि कात्री हातात घेताना दोनच गोष्टी पाहायच्या: मुळांना हवा मिळते आहे का, आणि पानं कोरडी राहताहेत का.

आधी जात ओळखा

‘लॅव्हेंडर’ या एका नावाखाली वेगवेगळ्या स्वभावाची रोपं विकली जातात आणि लेबलवर बहुतेकदा नुसतं लॅव्हेंडर एवढंच असतं. पानांवरून आणि फुलांवरून जात ओळखता येते.

पानं अरुंद, सरळ कडांची, राखाडी-हिरवी आणि फुलांची कणसं आखूड, भरीव असतील तर ते लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया, म्हणजे ज्याला इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात ते. त्याचं मूळ इंग्लंडमधलं नाही, नाव मात्र रूढ झालंय. हिडकोट आणि मनस्टेड हे त्यातलेच प्रसिद्ध वाण. याचा वास सगळ्यांत गोड, आणि स्वयंपाकात वापरतात तेही हेच. थंडी त्याला उत्तम सोसते. भरघोस फुलण्यासाठी त्याच्या बऱ्याच वाणांना काही आठवड्यांची चांगली थंडी लागतेच. जिथे थंडी नावापुरतीच असते तिथे हे रोप हिरवं राहील, पण फुलोरा तुरळक येईल. त्यात तुमच्या देखभालीची चूक नसते.

कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या उभ्या जांभळ्या पाकळ्या असतील तर ते स्टीकास. त्या खऱ्या पाकळ्या नसून रंगीत पानं असतात. पानांच्या कडा बारीक करवतीसारख्या दातेरी असतील तर डेन्टाटा. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतील तर मल्टिफिडा किंवा पिनाटा. या जातींना फुलण्यासाठी कडक थंडीची गरज नसते, त्यामुळे उबदार हवेत त्या जास्त समाधान देतात. कडाक्याच्या थंडीत मात्र त्या टिकत नाहीत, आणि वास उग्र असल्यानं त्या खाण्यात वापरत नाहीत.

अँगुस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया ही लॅव्हेंडरचीच आणखी एक जात, यांच्या संकरातून झालेलं ते लॅव्हॅन्डिन. ग्रोसो आणि प्रोव्हान्स हे त्यातले वाण. लांब दांड्या, मोठा पसारा, आणि थोड्याफार दमट हवेलाही तग धरायची ताकद. कुंडीत लावायचं तर ही कुंडी मोठीच लागणार हे आधीच धरून चाला.

घेताना काय पाहायचं

पूर्ण बहरातलं रोप मोहात पाडतं, पण घ्यायचं ते कळ्या नुकत्या धरलेलं किंवा अजिबात न फुललेलं. बुंध्यापासूनच पाच-सहा फांद्या फुटलेलं, बुटकं, दाट रोप हे एकाच लांब दांडीवर उभ्या असलेल्या उंच रोपापेक्षा कितीतरी चांगलं. फांद्या हलकेच बाजूला करून आतल्या बाजूला बघा. तिथली पानं काळी-तपकिरी होऊन चिकटून बसलेली असतील तर रोप गर्दीत आणि ओलीत वाढलेलं आहे, ते घेऊ नका. मग बुंध्याशी धरून कुंडी अलगद काढून मुळं पाहा. ती पांढरी किंवा फिकट बदामी आणि ताठ हवीत. माती चिंब ओली असेल आणि वर हिरवं शेवाळ धरलं असेल, तर ते रोप बरेच दिवस तसंच भिजत राहिलेलं असतं.

पहिले दहा दिवस: ऊन हळूहळू

हरितगृहातून आलेलं रोप थेट दिवसभराच्या उन्हात ठेवलं की पानांवर पांढरट-तपकिरी चट्टे पडतात. लॅव्हेंडर उन्हाचंच झाड आहे, पण त्या कोवळ्या पानांनी तेवढं ऊन अजून पाहिलेलं नसतं. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं २-३ तासांचं ऊन, मग दर दोन दिवसांनी तासभर वाढवत जायचं. ७ ते १० दिवसांत ते पूर्ण उन्हात आलं पाहिजे. हे दिवस त्याला इतर झाडांपासून जरा लांब ठेवा. मावा, पांढरी माशी किंवा कोळी (पानांतला रस शोषणारे अगदी बारीक कोळी) बरोबर आले असतील तर तेवढ्यात दिसून येतात.

कायमच्या जागी रोज किमान ६ तास थेट ऊन हवं, ८ मिळालं तर उत्तम. त्याहून कमी उन्हात रोप मरत नाही, पण फांद्या लांबट, लेच्यापेच्या होतात, मधून उघडतात आणि वास फिका पडतो. शिवाय सावलीत कुंडी वाळायला बराच जास्त वेळ घेते, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

कुंडी

पहिली कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा सगळ्या बाजूंनी २-३ सेंटीमीटरच मोठी घ्यायची. म्हणजे १० सेंटीमीटरच्या कुंडीतलं रोप १५ सेंटीमीटरच्या कुंडीत, पुढच्या वर्षी २०-२२ मध्ये, आणि मग कायमसाठी ३० सेंटीमीटरच्या कुंडीत. ‘नंतर मोठं होणारच आहे’ म्हणून छोटं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावण्याची चूक सर्रास होते. मुळं पोचलेली नसतात त्या मातीतलं पाणी कोणी पीत नाही. ते तसंच राहतं आणि कडेनं आत ओल पसरवत राहतं.

साधी, न रंगवलेली भाजलेल्या मातीची कुंडी लॅव्हेंडरला सर्वांत मानवते, कारण तिच्या भिंतींतून ओल बाहेर पडते. प्लास्टिकची चालते, पण मग पाण्याचा हात आणखी आखडता ठेवायचा. आतून-बाहेरून झिलई दिलेली कुंडी प्लास्टिकसारखीच समजायची. तळाला एक मोठं किंवा तीन-चार १ सेंटीमीटरची भोकं हवीतच. कुंडी ताटलीत ठेवू नका. ठेवावीच लागली तर निथळलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओतून द्या. कुंडीखाली विटेचे किंवा फरशीचे तीन तुकडे सारून ती जमिनीपासून बोटभर उचलली की भोकं मोकळी राहतात.

तळाला खड्यांचा थर घालू नका

निचरा व्हावा म्हणून तळाशी खडी, विटांचे तुकडे घालायचे हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यानं उलटंच होतं. भांडी घासायचा मोठा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून हातावर आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा, आणखी बरंच पाणी निघेल. पहिल्यांदा थांबलेलं पाणी स्पंजच्या खालच्या थरात धरून ठेवलेलं होतं. कुंडीतल्या मातीचंही हेच. निथळणं थांबल्यावरही तळाशी एक थर चिंब राहतो, आणि त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते. खाली खडी घातली की बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे तो चिंब थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एखादं खापर पुरे. तो थर पातळ करायचा तर सगळी मातीच भरड करावी लागते. याच कारणानं पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी.

माती

मापानं २ भाग कुंडीची तयार माती, १ भाग भरड वाळू आणि १ भाग पर्लाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). पर्लाइट नसेल तर त्याऐवजी ३-५ मिलिमीटरची बारीक खडी किंवा विटेचा चाळलेला चुरा. हवा दमट असेल किंवा पावसाचे दिवस लांबत असतील, तर भरड माल निम्म्याहून थोडा जास्त झाला तरी हरकत नाही. वाळू २ ते ४ मिलिमीटरच्या कणांची, धुतलेली हवी. बांधकामाची मऊ, पिठूळ वाळू मातीच्या कणांमधल्या जागा बुजवते आणि मिश्रण वाळल्यावर दगडासारखं होतं. समुद्राची वाळू क्षारांमुळे चालत नाही.

कोकोपीट भरपूर असलेली तयार माती टाळा. ती ओल फार काळ धरते, आणि पीटची (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची) माती एकदा कडक वाळली की पाणी आत घेतच नाही. शेणखत किंवा गांडूळखत दहाव्या भागापेक्षा जास्त नको. गुलाबाला किंवा भाज्यांना मानवणारी सुपीक माती लॅव्हेंडरला जड पडते.

मिश्रण जमलं का हे लावण्याआधीच तपासता येतं. कुंडी भरून वर लिटरभर पाणी ओता. पाणी वर न साचता लगेच आत उतरलं आणि मिनिटभरात खालून निघू लागलं तर ठीक. वर तळं साचून राहिलं तर आणखी भरड माल मिसळा.

मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ असावा, अँगुस्टिफोलियाला ८ पर्यंतही चालतो. पीट असलेली माती आम्लधर्मी असते, त्यात ५ लिटर मिश्रणाला एक चहाचा चमचा दळलेल्या चुनखडीची पूड मिसळावी. इथे शेतीसाठी मिळणारी चुनखडीची पूडच हवी. कळीचा किंवा भिजवलेला चुना मुळं भाजून काढतो. स्टीकासला मात्र चुनखडी अजिबात घालू नका, त्याला किंचित आम्लधर्मी ते उदासीन मातीच आवडते.

रोप लावताना

लावण्याच्या आदल्या दिवशी रोपाला पाणी द्या, म्हणजे गोळा न फुटता निघतो. गोळा हातात आला की मधोमध चाचपून पाहा. बऱ्याच नर्सऱ्या कलमं कागदासारख्या पातळ जाळीच्या पिशवीत रुजवतात आणि ती पिशवी तशीच पुढच्या कुंडीत जाते. ती सापडली तर कात्रीनं उभी चिरून जेवढी सहज निघेल तेवढी काढा. आतला पीटचा गाभा भोवतालच्या मातीपेक्षा फार वेगळा असतो. बाहेरची माती कोरडी दिसते तेव्हाही तो ओला असतो, आणि बरीच ‘अचानक मेलेली’ रोपं या गाभ्यातच बुंध्याशी कुजलेली असतात.

कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी सैल करा. बाहेरची जुनी माती एक-दोन सेंटीमीटर झडू दिली तरी चालेल. मुळं धुवून पूर्ण उघडी करायची गरज नाही, लॅव्हेंडरला तेवढी छेडछाड आवडत नाही. रोप आधी होतं त्याच पातळीवर किंवा अर्धा-एक सेंटीमीटर वर बसवा. बुंधा मातीत गाडला की तिथून कुज सुरू होते. भोवती मिश्रण भरून कुंडी दोनदा जमिनीवर आपटा. हातानं दाबून माती घट्ट करू नका. काठापासून २-३ सेंटीमीटर जागा सोडा.

वर १ ते २ सेंटीमीटर जाडीचा फिकट रंगाच्या बारीक खडीचा थर द्या. तळाशी नको असलेली खडी इथे कामाला येते. पाणी घालताना माती पानांवर उडत नाही, बुंधा कोरडा राहतो आणि खालच्या पानांना खेळती हवा मिळते. पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा यांचं आच्छादन घालू नका, ते बुंध्याशी ओल धरतं.

मग एकदा, खालून पाणी वाहीपर्यंत, भरपूर पाणी द्या. आणि थांबा.

पाणी

‘किती दिवसांनी?’ या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. कोरड्या, कडक उन्हात मातीच्या लहान कुंडीला दोन-तीन दिवसांनी पाणी लागू शकतं, थंडीत तीच कुंडी दोन आठवडे पाण्याविना राहते. म्हणून वार ठरवून पाणी देऊ नये, कुंडीला विचारून द्यावं.

विचारायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे वजन. पाणी देऊन पूर्ण निथळल्यावर कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहा. मग रोज एकदा उचला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती लक्षात येण्याइतकी हलकी लागेल. त्या वेळी खडी बाजूला करून बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर, मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या आणि ते हलकेपण हाताला लक्षात ठेवायला सांगा. लहान कुंडी असेल तर वजनकाट्यावर ठेवून भरलेली आणि हलकी अशी दोन वजनं लिहूनच ठेवावीत. दोन-तीन फेऱ्यांत हात बसतो, मग बोट घालायचीही गरज पडत नाही. कुंडी मोठी आणि न उचलण्यासारखी असेल तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर खालचं टोक काळपट, ओलं आणि मातीनं माखलेलं असेल तर थांबायचं.

देताना मात्र भरभरून द्या, सगळा गोळा भिजून खालून पाणी निघालं पाहिजे. रोज कपभर पाणी शिंपडणं सर्वांत वाईट. वरचा भाग कायम ओला, मुळं वरच घुटमळतात आणि क्षार साचत जातात. पाणी सकाळी, बुंध्याच्या कडेनं, पानं न भिजवता द्यावं. जड, म्हणजे चुन्याचा अंश जास्त असलेलं, पाणी अँगुस्टिफोलियाला चालतं.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था लॅव्हेंडरला जास्तीत जास्त वेळ मिळावी, आणि दोन पाण्यांमध्ये थोडा ताणही बसावा. पहिल्या वर्षी मात्र हा ताण बेतानंच द्या. मुळं अजून नव्या मातीत शिरलेली नसतात, त्यामुळे पूर्ण कोरडा गोळा नव्या रोपाला झेपत नाही. पहिले ६ ते ८ आठवडे वरचे ३ सेंटीमीटर वाळले की पाणी द्या, त्यानंतर ५.

गोळा चुकून कडकडीत वाळलाच तर वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली निघून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात काठाखालपर्यंत २०-३० मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की काढून नीट निथळू द्या.

शेंडे झुकलेत, पण का?

जास्त पाण्यानंही आणि कमी पाण्यानंही लॅव्हेंडर मान टाकतं, त्यामुळे पाणी घालण्याआधी कुंडी उचलून पाहायचीच. हलकी कुंडी, झुकलेले शेंडे, पानं कुरकुरीत: तहान. पाणी दिल्यावर काही तासांत रोप उभं राहतं. जड कुंडी, झुकलेले शेंडे, खालची पानं पिवळी किंवा काळपट, बुंधा दाबल्यावर मऊ: मूळकूज. हिच्यामागे बहुतेकदा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव असतो, जो पाणी साचलेल्या मातीत फोफावतो.

मूळकूज लवकर लक्षात आली तर प्रयत्न करण्यासारखा असतो. रोप काढून ओली माती झाडा, काळी मुळं स्वच्छ कात्रीनं पांढऱ्या भागापर्यंत कापा, वरची हिरवी वाढ तिसऱ्या हिश्शानं कमी करा आणि लहान मातीच्या कुंडीत, जवळजवळ निम्मी भरड वाळू असलेल्या नव्या मिश्रणात लावा. एक-दोन दिवस थांबून थोडं पाणी द्या आणि आठवडाभर उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. जुनी माती दुसऱ्या झाडाला वापरू नका. बुंधाच काळा पडला असेल तर रोप वाचत नाही. त्या वेळी निरोगी शेंड्यांची कलमं तेवढी करून घ्या.

पाऊस, उकाडा, थंडी

सलग पावसात कुंडी पागोळ्या पडणार नाहीत अशा आडोशाला, पण उजेडात आणि वाऱ्यावर हवी. अचानक झोडपून गेलेल्या पावसानंतर एक सोपी युक्ती आहे. कुंडीची एक बाजू विटेवर टेकवून तासभर तिरकी ठेवा, तळाशी अडकलेलं आणखी पाणी खालच्या कडेच्या भोकातून निघून जातं. स्पंज उभा केल्यावर होतं तेच इथे होतं.

दमट हवेत दोन कुंड्यांत ३० सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. आतल्या बाजूची मेलेली पानं हातानं वेचून काढा, राखाडी बुरशी तिथूनच सुरू होते.

पारा ३५ अंशांच्या वर गेला की पानांपेक्षा मुळांची काळजी जास्त करायची. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात भट्टीसारखी तापते. रोपाला उन्हातच ठेवून कुंडीला सावली द्या. पुढे दुसरी कुंडी ठेवा, किंवा ही कुंडी एखाद्या मोठ्या रिकाम्या कुंडीत उतरवा.

अँगुस्टिफोलिया जमिनीत असताना बर्फाळ थंडीही सोसतं, पण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते. पाणी गोठेल अशी थंडी असेल तिथे कुंडी भिंतीलगत, पावसा-बर्फापासून आडोशाला ठेवा. थंडी आणि ओल एकत्र आली की रोप जातं. डेन्टाटा आणि मल्टिफिडाला अशा थंडीत आत घ्यावं लागतं. घरात लॅव्हेंडर कायमचं ठेवण्याचा आग्रह मात्र सोडून द्यावा. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, या झाडाला तो अपुराच असतो, आणि बंद हवेत कोळी लगेच लागतात. कुत्र्या-मांजरांनी पानं खाल्ली तर त्यांना उलट्या होऊ शकतात, तेव्हा कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा.

खत

थोडक्यात उरकण्याजोगा विषय. वाढीचा हंगाम सुरू होताना सावकाश विरघळणारं खत, पाकिटावर दिलेल्या मापाच्या निम्मं, वर्षातून एकदा. नवीन मातीत लावलं असेल तर पहिल्या वर्षी तेही नको. नत्र जास्त झालं की फांद्या मऊ, हिरव्यागार होऊन आडव्या पडतात, फुलं कमी येतात आणि वास उतरतो.

फुलं आणि कात्री

१० सेंटीमीटरच्या कुंडीतून आणलेलं लहान रोप असेल तर त्याच्या पहिल्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण ती ताकद मुळांकडे आणि बुंध्यातल्या फुटव्यांकडे वळते आणि पुढच्या वर्षी दहा दांड्यांच्या जागी तीस दिसतात. रोप बहरातच आणलं असेल तर आठवडाभर फुलांचा आनंद घ्या आणि मग कुंडी बदलताना दांड्या कापा.

वाळवण्यासाठी फुलं हवी असतील तर कणसातल्या तळाच्या थोड्या कळ्या उमलल्या आणि बाकीच्या रंग धरून मिटलेल्या आहेत, अशा वेळी, दव सुकल्यावर कापा. बोटभर जाडीच्या जुड्या बांधून अंधाऱ्या, कोरड्या, वाऱ्याच्या जागी एक-दोन आठवडे उलट्या टांगा. जाड जुडी आतून बुरसटते.

खरी छाटणी फुलोरा ओसरल्यावर. ती टाळली की दोन-तीन वर्षांत खाली नुसतं उघडं लाकूड आणि वर हिरवा झुपका असं रोप होतं, मधून फाटतं, आणि मग त्यावर इलाज राहत नाही. एक फांदी हातात धरून वरून खाली बोट फिरवत या. आधी पानं नसलेली फुलाची दांडी, मग मऊ राखाडी पानांचा भाग, त्याखाली पानांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे फुटवे, आणि शेवटी तपकिरी, सालपट सुटणारं उघडं लाकूड. कात्री लावायची ती हिरव्या फुटव्यांच्या वर, दोन-तीन जोड्या फुटवे खाली शिल्लक राहतील अशी. साधारणपणे हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा जातो. त्याखालच्या उघड्या लाकडात कापलं तर ती फांदी बहुतेकदा पुन्हा फुटतच नाही. गोलाकार, घुमटासारखा आकार ठेवला की ऊन सगळीकडे सारखं लागतं. पहिल्या वर्षी शेंडे २-३ सेंटीमीटर खुडले तरी पुरे. स्टीकास आणि डेन्टाटाला एकदम खोल छाटू नका. सुकलेली कणसं वेळच्या वेळी काढत राहा, ती पुन्हा पुन्हा फुलतात. कडक थंडी तोंडावर असताना कुठल्याच जातीला कात्री लावू नये, कोवळे फुटवे गारठून मरतात.

किडी

वास तीव्र असल्यानं फारशा किडी येत नाहीत. फांदीच्या बेचक्यात थुंकीसारखा फेस दिसला तर आत रस शोषणाऱ्या एका छोट्या किड्याचं पिल्लू असतं. पाण्याच्या फवाऱ्यानं धुवून टाका, औषधाची गरज नाही. माव्यालाही आधी पाण्याचा मारा द्या आणि रोप लगेच उन्हात वाळू द्या. पानांवर पिवळट, वेडेवाकडे पट्टे आणि मुरडलेली वाढ एकत्र दिसली तर विषाणूची शंका घ्या. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकावं आणि कात्री स्पिरिटनं पुसावी.

पुढची रोपं याच रोपातून

कुंडीतलं लॅव्हेंडर चांगल्या देखभालीत साधारण ३ ते ५ वर्षं देखणं राहतं. म्हणून पहिल्या वर्षीच दोन-चार कलमं करून ठेवावीत, मूळ रोप दगावलं तरी वाण हातचा जात नाही. बियांच्या वाटेला जाऊ नका. त्या उगवायला बऱ्याचदा महिनाभर घेतात आणि रोपं आईसारखी निघतीलच असं नाही.

फूल न आलेला, खाली किंचित टणक होऊ लागलेला ८-१० सेंटीमीटरचा शेंडा पानाच्या जोडीच्या लगेच खाली कापा. खालच्या निम्म्या भागातली पानं ओरबाडू नका, साल सोलली जाते. अलगद काढा. निम्मी भरड वाळू आणि निम्मी हलकी माती असलेल्या लहान कुंडीत, काठाच्या जवळ, प्रत्येक कलम निम्मं आत जाईल असं लावा. काठाजवळची माती लवकर वाळते आणि तिथे हवाही मिळते. एकदा पाणी देऊन उजेडाच्या सावलीत ठेवा. वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, लव असलेली पानं त्यात बुरसटतात. ३ ते ६ आठवड्यांनी कलम दोन बोटांत धरून हलकंच ओढा. अडखळल्यासारखं लागलं की मुळं धरली. आणखी दोन आठवडे तसंच राहू द्या, मग प्रत्येकाला १० सेंटीमीटरची वेगळी कुंडी द्या, आणि पहिल्यांदा उंची हातभर दिसू लागण्याआधीच शेंडा खुडा.